आधी काय झालं? : फिजिशियनच्या कामाविषयी वाचकांचे प्रश्न

'मेडिसिन' या शाखेबद्दल प्रश्न पाठवा, असं आवाहन केलं होतं. पत्रं लिहिणाऱ्यांत डॉक्टर होऊ घातलेली मुलं आहेत, वॉर्डात रात्री काढणारे निवासी डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत आणि रिपोर्टांची जाडजूड फाइल सांभाळणारे रुग्णही. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. एकदोन उत्तरं लांबली, पण ती कापवेनात.

प्रश्न : मी वैद्यकीयच्या शेवटच्या वर्षाला आहे. मेडिसिन घ्यायचा विचार आहे. घरचे विचारतात, सर्जन ऑपरेशन करतो, हृदयवाला हृदय बघतो, मग तुझा फिजिशियन करतो काय? मलाही धड सांगता येत नाही.

उत्तर : दोष तुमचा नाही, घोळ नावातच आहे. 'इंटर्नल मेडिसिन' हे जर्मन 'इनेरे मेडिझिन'चं रूप. १८८२ साली जर्मनीतल्या वीसबाडेन इथे या शाखेची पहिली परिषद भरली. बाहेरून न दिसणारा, शरीराच्या आत चाललेला बिघाड शरीरक्रियाशास्त्र, रसायनशास्त्र आणि जंतुशास्त्राच्या आधारे ओळखायचा, हा त्यामागचा आग्रह होता. आज सोप्या भाषेत सांगायचं तर प्रौढ माणसांचे, सुरी न लावता सांभाळायचे आजार म्हणजे मेडिसिन. फॅमिली डॉक्टरकडे तान्ह्या बाळापासून आजोबांपर्यंत सगळे येतात. फिजिशियनकडे येतो तो बहुधा एकाच वेळी तीनचार आजार घेऊन आलेला मोठा माणूस.

घरच्यांना एक उदाहरण सांगा. हृदय कमजोर झालेला रुग्ण. पायांवर सूज, फुप्फुसात पाणी, आडवं झालं की धाप. लघवी वाढवणारं औषध द्यायलाच हवं. पण किडनीही अर्धीच चालते आहे. पाणी जास्त काढलं की तिचा रक्तपुरवठा घटतो आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनी मंदावली की रक्तात साचणारा टाकाऊ पदार्थ, चढतं. कमी काढलं तर धाप जात नाही. हृदयाचा तज्ज्ञ आणि किडनीचा तज्ज्ञ आपापल्या बाजूने बरोबरच सांगतील. 'आज किती काढायचं' हे मात्र कुणीतरी एकानेच ठरवावं लागतं. तो माणूस रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत वजन करायला लावतो. दिवसाला अर्धा ते एक किलो उतरलं तर वेग ठीक मानतो, आणि सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन बघून डोस वरखाली करतो. औषध लिहायला एक मिनिट लागतं. ते कधी वाढवायचं आणि कधी थांबवायचं, हेच खरं काम.

शिक्षणाचं म्हणाल तर मूळ पदवीनंतर पुष्कळ देशांत तीन वर्षांचं निवासी प्रशिक्षण असतं. पुढे हृदयरोग, किडनी, पचनसंस्था, अंतःस्रावी ग्रंथी, संधिवात, रक्तविकार यांपैकी एखादी उपशाखा घ्यायची तर आणखी काही वर्षं. 'रेसिडेंट' हा शब्द शब्दशः खरा होता. १८८९ साली विल्यम ऑस्लर हे फिजिशियन अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आले, तिथे त्यांनी जी पद्धत बसवली तीत तरुण डॉक्टर रुग्णालयातच मुक्कामाला असत. आता मुक्काम सुटला. झोपेची बोंब मात्र तशीच आहे.

ही शाखा आपली का, हे ओळखायची आमची साधी कसोटी अशी. संध्याकाळपर्यंत निकाल हातात आला नाही तर तुम्ही बेचैन होता का? होत असाल तर सर्जरी बघा. वॉर्डातल्या एका पेशंटचा ताप पाचव्या दिवशीही उतरलेला नाही, आणि तुम्ही चिडण्याऐवजी पहिल्या दिवसाचा केसपेपर पुन्हा उघडून बसता, असं होत असेल तर मेडिसिन घ्या.

प्रश्न : ओपीडीत एका रुग्णाला जेमतेम दहा मिनिटं मिळतात. पुस्तकाप्रमाणे हिस्ट्री, म्हणजे आजाराची हकीकत, विचारून घ्यायला अर्धा तास लागतो. काय गाळू? (निवासी डॉक्टर, पहिलं वर्ष)

उत्तर : हिस्ट्री सोडून काहीही गाळा. १९७५ साली ब्रिटनमध्ये मेडिसिनच्या ओपीडीत आलेल्या ८० नव्या रुग्णांचा अभ्यास झाला. चिठ्ठी वाचून आणि रुग्णाचं ऐकून जे निदान मनात आलं, तेच ६६ जणांत शेवटपर्यंत टिकलं. अंग तपासल्यावर ७ जणांत मत बदललं, प्रयोगशाळेच्या तपासण्यांनंतर आणखी ७ जणांत. स्कॅनचा सुळसुळाट होण्याआधीचा तो काळ, हे खरं. पण कुठला स्कॅन करायचा हेही आज हिस्ट्रीच सांगते.

दहा मिनिटांची वाटणी अशी करा. पहिला दीड मिनिट तोंड बंद ठेवा, पेन खाली ठेवा. बहुतेक माणसं त्याआधीच बोलायची थांबतात. मग एकच प्रश्न : "अगदी ठणठणीत होता, असा शेवटचा दिवस कोणता?" तिथून पुढे आजपर्यंत या. "बरेच दिवस झाले", "मध्येमध्ये" ही उत्तरं लिहून घेऊ नका. तारीख आठवत नसेल तर खुंटी द्या : नातवाच्या वाढदिवसाआधी की नंतर? घर बदललं तेव्हा जिना चढता येत होता का?

एवढा अट्टाहास का, ते धापेवरून बघा. काही सेकंदांत लागलेली धाप म्हणजे फुप्फुसात अडकलेली गुठळी किंवा फुटून आक्रसलेलं फुप्फुस, हे आधी मनात यायला हवं. तासाभरात वाढली तर दमा किंवा हृदयामुळे फुप्फुसात भरलेलं पाणी. चारसहा दिवसांत वाढली तर न्यूमोनिया किंवा छातीच्या पडद्यातलं पाणी. महिन्यांमध्ये हळूहळू वाढली तर रक्त कमी होणं, धूम्रपानाने झिजलेलं फुप्फुस, फुप्फुसाचा कडकपणा. तक्रार एकच, कॅलेंडर वेगळं, निदान वेगळं. एका बाजूची ताकद जाण्याचंही तसंच. मिनिटांत गेली तर पक्षाघात, आठवड्यांत गेली तर कवटीतली गाठ किंवा कवटीच्या आत साचत गेलेलं रक्त.

दुसरी गोष्ट, रुग्णाचा शब्द जसाच्या तसा लिहा. 'चक्कर' या एका शब्दाने आपल्याकडे जितकी दिशाभूल होते तितकी क्वचितच कुठल्या शब्दाने होत असेल. खोली गरगर फिरते, तो कानातल्या तोलाच्या यंत्रणेचा किंवा मेंदूच्या मागच्या भागाचा प्रश्न. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, तो रक्तदाबाचा किंवा ठोक्यांचा. डोकं स्थिर आहे पण चालताना झोक जातो, तो नसांचा, मज्जारज्जूचा किंवा लहान मेंदूचा. केसपेपरवर नुसतं 'चक्कर' लिहिलं की तिघांनाही एकच गोळी मिळते. 'अशक्तपणा'चं तेच. उत्साह नाही की पाय उचलत नाही? खुर्चीवरून हात न टेकता उठायला सांगा, दहा सेकंदांत कळतं.

तिसरी गोष्ट औषधांची. "काय काय घेता?" याने काम भागत नाही. "गेल्या दोन महिन्यांत काय सुरू झालं, काय बदललं, काय थांबलं?" असं विचारा. डोळ्यांत घालायचे थेंब स्वतंत्रपणे विचारा. काचबिंदूसाठीचे टिमोलॉलचे थेंब नाकाच्या मार्गाने रक्तात जातात, हृदयाचे ठोके मंदावतात, दमा उसळवतात. थेंबांना औषध म्हणून कुणी मोजतच नाही.

आणि उठताना शेवटचं : "तुम्हाला स्वतःला काय वाटतं, कशामुळे झालं असेल?" भीती कशाची आहे ते इथे बाहेर येतं, आणि कधीकधी निदानही.

प्रश्न : आमच्या वॉर्डात एकाच रुग्णाचा रक्तदाब तीन जणींनी तीन वेगळे लिहिला. यंत्र बदलावं का? (परिचारिका)

उत्तर : यंत्र जरूर तपासून घ्या, पण बहुधा चूक यंत्राच्या आधी झालेली असते. रुग्ण पाच मिनिटं शांत बसलेला हवा. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पायावर पाय नाही, मूत्राशय रिकामं, आधीच्या अर्ध्या तासात चहा-कॉफी किंवा सिगारेट नाही. हात टेबलावर टेकवलेला, कफ, म्हणजे दंडाला बांधायचा पट्टा, हृदयाच्या पातळीत. हात खाली लोंबत असेल तर दर १० सेंटिमीटरला साधारण ७ ते ८ मिलिमीटर दाब जास्त दिसतो. हे साधं भौतिकशास्त्र आहे, नळीतल्या पाण्याच्या उंचीसारखं. कफच्या आतली फुगणारी पिशवी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के लांब आणि ४० टक्के रुंद हवी. जाड दंडावर छोटा कफ बांधला तर दाब खोटा जास्त येतो. वॉर्डात एकच कफ असेल तर मोठ्या मापाचा दुसरा मागून घ्या. यंत्र बदलण्यापेक्षा ते स्वस्त पडतं आणि फरक जास्त पडतो.

हाताने मोजताना आधी मनगटाची नाडी चाचपत कफ फुगवा. नाडी नाहीशी होते त्याच्या ३० वर न्या आणि सेकंदाला २ मिलिमीटर या वेगाने हवा सोडा. घाईत हवा सोडली की वरचा आकडा कमी आणि खालचा जास्त लिहिला जातो. मोजताना कुणी बोलायचं नाही, तुम्हीही नाही. एक मिनिट थांबून पुन्हा मोजा. पहिल्या भेटीत दोन्ही दंडांवर मोजा आणि जिथे जास्त, तो दंड पुढे कायम ठेवा. कोणता दंड, बसून की झोपून, हे आकड्याशेजारी लिहिलं तर तीन जणींचे आकडे एकमेकांशी ताडून तरी बघता येतील.

वृद्धांत आणि मधुमेहींत उभं करून एक आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला, तर 'पडतात का हे?' या प्रश्नाचं उत्तर तुमच्या हातात आलं.

प्रश्न : आता खिशात मावणारं सोनोग्राफी यंत्र मिळतं. स्टेथोस्कोप आणि बोटांनी छाती ठोकणं शिकण्यात वेळ का घालवायचा?

उत्तर : यंत्र शिकाच. छातीतलं पाणी दिसायला, ते काढताना सुई कुठे घालायची हे ठरवायला ते बोटांपेक्षा सरस आहे. इथे जुन्याचा अभिमान बाळगू नये. पण यंत्र कुठे टेकवायचं हे कान आणि बोटं ठरवतात.

ठोकण्याची पद्धत १७६१ साली व्हिएन्नाच्या लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनी छापून मांडली. ते खानावळवाल्याचे चिरंजीव. पिंपात माल कुठवर आहे हे टिचकीच्या आवाजावरून ओळखतात, तेच तत्त्व. स्टेथोस्कोप त्यानंतरचा : १८१६, पॅरिस, रने लाएनेक आणि कागदाची गुंडाळलेली नळी.

विद्यार्थ्यांची चूक नेमकी कुठे होते ते सांगतो. डाव्या हाताचं मधलं बोट फासळ्यांच्या मधल्या खाचेत घट्ट दाबून, बाकीची बोटं उचललेली हवीत. सगळा पंजा टेकवला की नाद दबतो. उजव्या मधल्या बोटाच्या टोकाने डाव्या बोटाच्या शेवटच्या सांध्यावर, मनगटातून, दोनच ठोके, आणि बोट लगेच वर. नखं वाढलेली असतील तर हे जमतच नाही. वरून खाली या आणि प्रत्येक पायरीला डावी-उजवी बाजू ताडून बघा. पोकळ नाद जाऊन भिंतीवर मारल्यासारखा बद्द आवाज आला की थांबा. आता तिथेच स्टेथोस्कोप ठेवा आणि रुग्णाला एक-दोन-तीन म्हणायला लावा. शब्द विरलेले, श्वासाचा आवाज नाही, तर मध्ये पाणी. शब्द कानाशी बोलल्यासारखे स्पष्ट आणि श्वास नळीतून आल्यासारखा कर्कश, तर फुप्फुसच घट्ट झालं आहे, म्हणजे न्यूमोनिया. बद्द आवाज दोन्हीत सारखाच, फरक पुढच्या पायरीवर कळतो.

हृदयाचं एवढंच सांगतो, की दोन आवाज मुद्दाम शोधल्याशिवाय सापडत नाहीत. हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या (मायट्रल) झडपेच्या अरुंदपणाची खालच्या पट्टीतली घरघर ऐकायची तर रुग्णाला डाव्या कुशीवर वळवा आणि स्टेथोस्कोपची घंटेसारखी बाजू अलगद टेकवा. दाबलीत की कातडीच पडद्यासारखी ताणली जाते आणि खालचे सूर गळून जातात. महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या, झडपेची गळती ऐकायची तर बसवून पुढे वाकवा, श्वास सोडून धरायला सांगा आणि चपटी बाजू छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला घट्ट दाबा. गाउनवरून तपासणाऱ्याला या दोन्हीतलं काहीही ऐकू येणार नाही.

प्रश्न : सगळ्या तपासण्यांचं पॅकेज करून घेतलं. वीसपैकी दोन आकडे लाल अक्षरात आले. फिजिशियन म्हणाले, सोडून द्या. सोडायचं कसं?

उत्तर : 'नॉर्मल रेंज' ठरते कशी, ते बघा. निरोगी माणसांचे आकडे घेऊन मधले ९५ टक्के आत ठेवतात. म्हणजे निरोगी माणसांतलेही ५ टक्के प्रत्येक तपासणीत बाहेर पडणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एका ठणठणीत माणसाच्या केल्या, तर एक तरी आकडा लाल येण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. तुमचे दोन आले, यात अघटित काही नाही.

पुढचा हिशेब जास्त महत्त्वाचा. समजा एखादा आजार हजारात १० जणांना आहे, आणि तपासणी आजारी माणसांतली ९० टक्के बरोबर पकडते, निरोगी माणसांतल्या ९० टक्क्यांना बरोबर सोडते. कानाला चांगली वाटते ना? हजार जणांची केली तर १० आजाऱ्यांतले ९ सापडतील. ९९० निरोगी माणसांतले ९९ उगाच अडकतील. पॉझिटिव्ह आलेल्या १०८ जणांत खरे आजारी ९, म्हणजे शेकडा ८. तक्रार नसताना केलेली तपासणी आणि लक्षणं बघून केलेली तपासणी यांत हाच फरक. यंत्र तेच, रक्त तेच, निकालाची किंमत वेगळी.

पण याची दुसरी बाजूही आहे, आणि तिथे डॉक्टरही चुकतात. काळ्या अक्षरातला आकडा म्हणजे ठीकच, असं नाही. क्रिएटिनिन गेल्या आठवड्यात ०.७ होतं आणि आज १.२ आहे. अनेक प्रयोगशाळांच्या कागदावर दोन्ही रेंजच्या आत. प्रत्यक्षात सात दिवसांत दीडपटीहून जास्त वाढ झाली, आणि व्याख्येप्रमाणे ती किडनीला अचानक झालेली इजा आहे. म्हणून फाइलमध्ये रिपोर्ट प्रकारानुसार नव्हे, तारखेनुसार लावा. प्रयोगशाळेने छापलेल्या रेंजपेक्षा तुमचा स्वतःचा मागचा आकडा जास्त बोलका असतो.

तपासणीची वेळही बघा. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी रक्त चढवल्यावर किंवा तांबड्या पेशी लवकर फुटत असतील तर फसवते. थायरॉइडची गोळी बदलल्यावर पंधरा दिवसांत टीएसएच ही थायरॉइडची तपासणी बघून काही कळत नाही. सहा ते आठ आठवडे थांबावं लागतं.

प्रश्न : वडील ७६ वर्षांचे. अकरा गोळ्या चालू होत्या. नव्या फिजिशियननी एक बंद केली, आणखी दोन महिनाभरात बंद करू म्हणाले, नवीन एकही दिली नाही. हा निष्काळजीपणा तर नव्हे?

उत्तर : उलट, या कामाला लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. पत्रासोबत तुम्ही यादी पाठवलीत ते बरं केलंत. तिच्यात एक साखळी दिसते, आणि ती फार नेहमीची आहे.

रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू झालं. घोट्यांना सूज आली. ही सूज शरीरात पाणी साठल्याची नसते, औषधाने बारीक रोहिण्या सैलावतात आणि द्रव बाहेर झिरपतो. त्यावर लघवीची गोळी दिली गेली. सूज फारशी हटली नाही, कारण मूळ कारण पाणी नव्हतंच. पोटॅशियम मात्र उतरलं आणि युरिक अ‍ॅसिड चढलं. त्यातून पायाचा अंगठा सुजून लाल झाला. त्यावर वेदनाशामक. वेदनाशामकाने मीठ-पाणी धरलं, रक्तदाब वाढला. तो वाढला म्हणून दाबाचं आणखी एक औषध. प्रत्येक गोळी त्या त्या दिवशी योग्यच वाटली असणार. कोणती कधी सुरू झाली, हे एका कागदावर ओळीने लिहिल्याशिवाय साखळी दिसत नाही. दाबाच्या औषधांचा एक गट, लघवीची गोळी आणि वेदनाशामक ही तिन्ही एकत्र आली की किडनीला तीन बाजूंनी चेपतात. उलट्या-जुलाबांच्या आजारपणात तर फारच.

काढण्याचीही रीत आहे. एका वेळी एकच गोळी काढायची आणि दोन ते चार आठवडे बघायचं. दोन एकदम काढल्या आणि त्रास झाला, तर कोणामुळे ते कळत नाही. तुमचे डॉक्टर टप्पे पाडताहेत ते याचसाठी. काही औषधं झटकन तोडता येत नाहीत. मेटोप्रोलॉलसारखी बीटा-ब्लॉकर बंद केली तर छातीतलं दुखणं उसळू शकतं. तीन आठवड्यांहून जास्त घेतलेलं स्टिरॉइड एकदम थांबवलं तर किडनीवरच्या अधिवृक्क ग्रंथी वेळेवर जाग्या होत नाहीत, रक्तदाब आणि साखर कोसळते. झोपेच्या आणि फिटच्या गोळ्यांचंही तसंच. म्हणून उत्साहाच्या भरात घरच्या घरी छाटणी करू नका.

पुढच्या भेटीला घरातल्या सगळ्या स्ट्रिप, बाटल्या, थेंब, मलमं एका पिशवीत घालून न्या; लिहून आणलेली यादी नको. यादीत जे लिहिलेलं असतं आणि पोटात जे जातं, ते नेहमी जुळतंच असं नाही. एकाच औषधाची दोन वेगळ्या नावांची पाकिटं सापडणं तर नित्याचंच.

प्रश्न : रात्रपाळीत चूक होईल याची धास्ती वाटते. कोणत्या चुका सगळ्यांत जास्त होतात? (निवासी डॉक्टर, तिघांची पत्रं)

उत्तर : चार सांगतो, याच क्रमाने.

श्वसनाचा वेग. चार्टवर ओळीने १८, १८, १८ दिसलं की समजा, कुणी मोजलेलं नाही. रुग्ण बिघडतो तेव्हा बहुधा हाच आकडा सगळ्यांच्या आधी हलतो. भरभर श्वास घेऊन शरीर ऑक्सिजन सांभाळून नेतं, त्यामुळे बोटाला लावलेलं यंत्र ९६ दाखवत राहतं आणि सगळे निश्चिंत असतात. नाडी धरल्याचा बहाणा करा, नजर छातीवर ठेवा, पूर्ण एक मिनिट मोजा. ब्रिटनमधल्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली काढलेल्या धोक्याच्या गुणपद्धतीत मिनिटाला २५ किंवा जास्त श्वास असतील तर एकट्या त्याचे पूर्ण ३ गुण लागतात.

रक्ताचं कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी. अँटिबायोटिकच्या आधी, नंतर नव्हे. दोन वेगळ्या जागांहून दोन संच, प्रत्येकात दोन बाटल्या, बाटलीत ८ ते १० मिलिलिटर. कमी रक्त घातलं तर जंतू असूनही सापडत नाहीत, कारण मोठ्या माणसात एका मिलिलिटरमध्ये ते अगदी मोजकेच असतात. कातडी पुसल्यावर जंतुनाशक वाळू द्या. ओल्यावर टोचलं की कातडीवरचे जंतू बाटलीत जातात आणि तीन दिवसांनी खोटा वाद सुरू होतो. बाटलीचं बूचही पुसा. मात्र रक्तदाब कोसळलेला असेल तर कल्चरसाठी अँटिबायोटिक अडवून धरू नका.

रक्तातलं सोडियम. ११० म्हणजे फारच कमी आलेलं बघून घाबरून भरभर वर नेणं, ही चूक ११० पेक्षा घातक. झटके येत असतील तर ३ टक्क्यांचं सलाइन १०० ते १५० मिलिलिटर दहा मिनिटांत द्यावंच लागतं. सोडियम ४ ते ६ ने वाढलं की बहुधा लक्षणं आवरतात. पण २४ तासांत एकूण वाढ ८ च्या पुढे जाऊ देऊ नका. जुनं कमी सोडियम झपाट्याने वाढवलं तर मेंदूतल्या नसांचं आवरण सुटतं, आणि तो परिणाम काही दिवस उलटल्यावर दिसतो, तेव्हा हातात काही नसतं. खरी मेख पुढे आहे. उलट्या थांबल्या किंवा कारणीभूत गोळी बंद झाली, की किडनी आपणहून पाणी फेकू लागते आणि सलाइन बंद असतानाही सोडियम धावत सुटतं. लघवी एकाएकी तासाला १०० मिलिलिटरच्या वर गेली की लगेच सोडियम पाठवा, सकाळची वाट बघू नका.

चौथी चूक म्हणजे ड्युटी सोपवताना दिलेला अर्धवट निरोप. "सात नंबरचं सोडियम बघ" याला निरोप म्हणत नाहीत. "सात नंबर, संध्याकाळी सहाला सोडियम ११०, झटका येऊन गेला. बारा वाजता ११५ होतं. पुढचं चारला पाठव. ११८ च्या जवळ गेलं तर सलाइन बंद कर आणि मला उठव." आत्ता काय, आधी काय झालं, मला काय वाटतं, तू काय करायचंस. वीस सेकंद लागतात.

प्रश्न : उपशाखा घ्यावी की जनरल फिजिशियनच राहावं?

उत्तर : एखादं प्रक्रियेचं काम, दुर्बीण घालणं, अँजिओग्राफी करणं, हातांना आवडत असेल तर उपशाखा घ्या. नुसत्या प्रतिष्ठेसाठी घेऊ नका. चाळिशीनंतर त्याच अवयवाचा कंटाळा आलेले लोक कमी नाहीत. जनरल राहणाऱ्यांना आता दोन वाटा आहेत : ओपीडीतला दीर्घकाळचा रुग्ण, किंवा फक्त दाखल रुग्ण सांभाळणारा डॉक्टर. दुसऱ्या वाटेला १९९६ साली अमेरिकेत 'हॉस्पिटलिस्ट' हे नाव मिळालं. तिच्यात पाळ्या ठरलेल्या असतात, पण घरी गेलेल्या रुग्णाचं पुढे काय झालं ते क्वचितच कळतं. ज्याला त्याची चुटपुट लागते त्याने ओपीडी सोडू नये.

प्रश्न : पहिल्या दिवशी खिशात काय असावं?

उत्तर : सेकंदकाटा असलेलं घड्याळ. मोजपट्टी. प्रतिक्षिप्त क्रियांसाठी लांब दांड्याची हातोडी, आखूड दांड्याचीला झोका मिळत नाही. १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क, पायाच्या अंगठ्यावर कंप कळतो का ते बघायला. ५१२ चा कानासाठी, तो वेगळा. मधुमेही पावलांसाठी १० ग्रॅमचा नायलॉन धागा. कातडीला टेकवून धागा जेमतेम वाकेपर्यंतच दाबायचा, ओढायचा नाही, आणि त्या वेळी रुग्णाचे डोळे मिटलेले हवेत. छोटी टॉर्च, पिवळट उजेडाची मिळाली तर उत्तम; काही निळसर पांढऱ्या उजेडात डोळ्यांतली सौम्य कावीळ निसटते. कावीळ बघायची तर त्याहून बरं म्हणजे रुग्णाला खिडकीपाशी न्या, दिवसाउजेडी.